घरात माणसं किती

भुजंगला कुठल्याही गोष्टीला "बराबर हाय" म्हणायची सवय होती. साहेब म्हणाले, आज जादा थांबावं लागेल, बराबर हाय. बायको म्हणाली, पोरीची चप्पल तुटली, बराबर हाय. त्याचं भांडण असं कुणाशी झालंच नाही, कारण भांडायला समोर कुणीतरी उभं असावं लागतं. त्याच्या गावी टेंभुर्णीत सगळे त्याला गरीब गाय म्हणायचे. मला विचाराल तर गाय निदान शेपटी तरी हलवते.

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कंपनीत तो उगवण तपासायच्या खोलीत कामाला होता. ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची आणि आठवड्यानं उलगडून किती उगवले ते बघायचं. काही दाणे कोंब न फुटताही जिवंत असतात, नुसते कडक पडून राहतात. ते बोटानं दाबून बघावे लागतात. घाईत मेलेल्यांत लिहिले तर चांगलं बियाणं नापास होतं. नऊ वर्षांत भुजंगच्या हातून अशी चूक एकदाही झाली नव्हती. म्हणून यंदा साहेबांनी त्याला खोलीचा प्रमुख केलं. अट एवढीच, की घटस्थापनेपासून मुक्काम जालन्यात पाहिजे. हंगामात कधीही बोलावणं येईल, मोटरसायकलवर दीड तास येणारा माणूस चालणार नाही.

"बराबर हाय," भुजंग म्हणाला आणि पितृपक्षात घर शोधायला निघाला.

पंधरवड्यात कुणी घर बदलत नाही. त्यामुळे खोल्या रिकाम्या असतात आणि घरमालक जरा नरम असतात, हे त्याला कंपनीतल्या लोकांनीच सांगितलं होतं. हातात दोन रविवार होते. घरात माणसं चार. तो, बायको सुरेखा, दुसरीतली ईश्वरी आणि आई चतुराबाई. आईला साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिनची सुई टोचावी लागे. आईला रेघा दिसत नसत, म्हणून सुरेखा वीसच्या रेघेपर्यंत औषध भरून टोचायची. मागच्या उन्हाळ्यात सुरेखा माहेरी गेली तेव्हा आईनं आपल्या हातानं भरलं, कमी की जास्त देव जाणे, आणि दुपारी चुलीपाशी बेशुद्ध सापडली. म्हणजे आईला गावी ठेवायचा प्रश्नच नव्हता. घर चौघांना मिळालं पाहिजे. एवढीच काय ती गोष्ट होती, आणि नेमकी तिथंच माशी शिंकली.

पहिल्या रविवारी त्यानं पाच घरं बघितली. प्रश्न सगळीकडं तेच. तुम्ही कोणत्यात? मटण-अंडी खाता का? पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, पुरवून वापराल का? त्याची सगळी उत्तरं पास व्हायची. मग शेवटी हमखास यायचं, "घरात माणसं किती?" चार म्हटलं की, "चौथं कोण?" आणि आई म्हटलं की घरमालकाला अचानक आठवायचं, खोली तर मेव्हण्याला कबूल केलीय. त्या एका दिवसात जालन्यातले इतके मेव्हणे भाड्यानं राहायला निघाले होते की विचारू नका.

खरं कारण त्याला भालचंद्र नावाच्या एका निवृत्त कारकुनानं सांगितलं. माणूस सभ्य होता. त्यानं घर दाखवलं, बसवलं, चहा दिला आणि मग नाही म्हटलं.

"राग मानू नका. मागच्या वर्षी पलीकडच्या घरात भाडेकरूचे वडील वारले. नक्षत्र वाईट निघालं. गुरुजींनी घर पाच महिने बंद ठेवायला सांगितलं. भाडेकरू दुसरीकडे गेले, मालक मात्र वर राहायचे, त्यांनाही घर सोडावं लागलं. तेव्हापासून म्हातारं माणूस ठेवायचं म्हटलं की या गल्लीत सगळे घाबरतात. तुमच्या आईंना दीर्घायुष्य लाभो, पण आमच्या आवारात नको."

भुजंगनं चहाचा कप नीट बशीत ठेवला, बराबर हाय म्हणाला आणि चप्पल घातली. त्याला राग यायला हवा होता. त्यानं आत चाचपून बघितलं, पण राग काही हाताला लागला नाही. पाय तेवढे दुखत होते.

दुसऱ्या रविवारी चार घरं झाली. सगळीकडं तेच झालं. मधल्या वेळी तो एका टपरीवर उभा राहून पोहे खात होता, आणि पोहे संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्यांची चव काय होती ते त्याला सांगता येणार नाही. घटस्थापनेला आठवडा राहिला होता.

दहावं घर कांताबाईचं. पन्नाशीची विधवा बाई, पोरगा पुण्याला, पुढच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या. स्वयंपाकघरात ओटा, अंगणात पाण्याचा हौद, ईश्वरीची शाळा चालत जाण्याजोगी. आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली बाज बसेल एवढी जागा. आईला रात्री झोपायला वारा लागतो. भुजंगनं ती जागा नजरेनं मोजली, नीट बसत होती.

"तुम्ही साधे दिसून राह्यले, म्हणून सांगते," कांताबाई म्हणाली. "बाकी मह्या काही अटी न्हाईत. फकस्त म्हातारं माणूस नको. आमचे मालक गेले तवा नक्षत्र वंगाळ व्हतं. चार महिने ह्या घराला कुलूप. भावाच्या दारात राह्यले म्या, भावजयीची बोलणी खाल्ली. पुन्यांदा तसं झालं तर मला आता भाऊ बी न्हाई राह्यला. तुमच्या घरात माणसं किती?"

"तिघं," भुजंग म्हणाला.

"आई-वडील?"

"दोघं बी न्हाईत."

इतकं सोपं होतं ते. वडील खरंच आठ वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या शेजारी आईला नेऊन बसवायला तीन शब्द लागले. त्यानं वाट बघितली, की आता छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही.

पण कांताबाई मायाळू होती, आणि मायाळू माणसं खोटं बोलणाऱ्याला सुखानं जाऊ देत नाहीत.

"अगं बाई, एवढ्या लवकर आई गेली? तिथी कोणती त्यायची?"

भिंतीवर कॅलेंडर होतं. आज अष्टमी होती. त्याच्या पुढच्या चौकोनात जे छापलं होतं, ते त्यानं वाचून दाखवलं. "नवमी."

"उद्याच की! म्हणजे सवाष्ण गेल्या माऊली. भाग्याच्या." तिनं हात जोडले. "मंग तुम्ही इथं काय करून राह्यले? पान वाढायचं न्हाई का उद्या?"

"ड्यूटी हाय."

"ड्यूटी काय कुणाला सुटली? ऱ्हाऊ द्या, म्या वाढते. तुमची खोली, तुमचं घर, मंग तुमची आई बी इथलीच. नाव सांगा त्यायचं."

आणि भुजंगनं नाव सांगितलं. दुसरं कुठलंही सांगता आलं असतं, पण दुसरं सुचायला डोकं जागेवर लागतं.

"चतुराबाई," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं सुरेखाला गोठ्यामागं नेऊन सगळं सांगितलं. सुरेखा म्हणाली, "तुम्ही माणूस हायत का कोण हायत?"

"बराबर हाय."

"बराबर काय बराबर! सामान उतरायच्या आदी त्या बाईला खरं सांगायचं. हात जोडायचे, पाय धरायचे, काय बी करायचं. सांगताल का?"

"सांगतो," भुजंग म्हणाला, आणि सांगायचं त्याच्या मनातही होतं. रोज कागदाच्या गुंडाळ्या उलगडताना तो ते वाक्य मनात म्हणून बघायचा. वाक्य चारच शब्दांचं होतं, पण ते त्याच्या तोंडात कधी आलंच नाही.

इकडं चतुराबाईनं अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. लेकाला मोठी जागा मिळाली, मी जालन्याला चालले, हे तिनं दळणाला येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. शेळी शेजारच्या पुंजारामला देऊन टाकली. चूल फोडली. खिडकीखाली माझी बाज येती का रे, असं तिनं दोनदा विचारलं, आणि भुजंगनं येती म्हणून सांगितलं. हे मात्र खरं होतं.

घटस्थापनेच्या दिवशी कडूबाच्या टेम्पोत सामान भरलं. आई पुढं कडूबाशेजारी बसली, मांडीवर इन्सुलिनचा थर्मास आणि गाठोडं. भुजंग मागून मोटरसायकलवर, सुरेखा आणि ईश्वरीला घेऊन. वाटेत सुरेखा एकदाच म्हणाली, "आदी सांगायचं, मंग दोरी सोडायची." तो हो म्हणाला.

टेम्पो दारात थांबला. कांताबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तयारच होती. आई गाठोड्यासकट खाली उतरली, कंबर सरळ केली आणि घराकडं बघून हसली. भुजंगनं गाडी स्टँडवर लावली. आता चार शब्द बोलायचे. सुरेखा त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं टेम्पोची दोरी सोडायला घेतली.

कांताबाईनं सगळ्यांवरून तुकडा ओवाळला आणि म्हातारीपुढं थांबली. "ह्या कोण म्हणायच्या?"

भुजंग दोरीची गाठ सोडत राहिला.

"बरं झालं बाई, कुणीतरी वडीलधारं आलं संगं," कांताबाईच पुढं म्हणाली. "ह्यायला आई न्हाई म्हणून मला लई वाईट वाटलं. नवमीला म्या चतुराबाईंच्या नावानं पान वाढलं बघा. गोड केलं व्हतं. कावळ्यानं लगेच घास नेला."

चतुराबाईनं लेकाकडं बघितलं. फार वेळ नाही, एखादा दाणा दाबून बघायला लागतो तेवढाच. सुरेखानं पदर तोंडात धरला.

"म्या मावशी," चतुराबाई म्हणाली. "घर लावून द्यायला आले. जाणार संध्याकाळच्याला."

"सख्खी बहीण का तुमची? सवाष्ण गेल्या म्हणं."

"व्हय. भाग्याची व्हती." विधवेच्या उघड्या कपाळावरचा घाम तिनं पदरानं पुसला. "काई झालं न्हाई तिला. बसल्या बसल्या गेली. तिला सोताला बी कळलं न्हाई."

भुजंग सामान उतरवत राहिला. कपाट, पाण्याची टाकी, शेगडी. बाज सगळ्यात शेवटी होती. तो तिला हात लावणार, तोच आई म्हणाली, "ती ऱ्हाऊ दे, भुजंग. ती परत न्यायची हाय." तेव्हा त्याला वाटलं, आता रडू येईल. तो टेम्पोच्या कडेला धरून उभा राहिला. रडू आलं नाही. ज्याला त्याला आपापल्या वाट्याचं रडू मिळतं, त्याचं कुठं राहिलं होतं कोण जाणे. मला त्या क्षणी त्याचे खांदे धरून गदागदा हलवावेसे वाटतात, पण त्यानं काय झालं असतं?

आईनं भांडी फळीवर लावून दिली. ईश्वरी तिला आजी म्हणत मागं मागं फिरत होती, आणि मावशीही आजीच असते, म्हणून तेही चालून गेलं. दुपार उतरली तसा कडूबा निघायची घाई करू लागला.

"राहा की चार दिवस, मावशी," कांताबाई म्हणाली. "पाहुण्याला कोण न्हाई म्हणतं?"

"न्हाई बाई. शेळी हाय घरी. तिच्याकडं कोण बघंल?"

सुरेखा थर्मास घेऊन टेम्पोपाशी आली. तिचे डोळे सुजले होते. "पुंजारामच्या सुनेला भरून द्यायला सांगा. वीसची रेघ. इसरू नका."

"ती उजाडायच्या आत शेतात जाती. म्या भरीन. बोटाला अदमास येतो."

"आई," भुजंग म्हणाला. आवाज फुटला होता, पण फार बारीक.

"हळू बोल." तिनं दाराकडं बघितलं. कांताबाई उंबऱ्यात उभी होती. "तिला आता काई सांगायचं न्हाई. आसरा गेला तर लेकराची शाळा जाईल. ती बाई बी वाईट न्हाई, तिचं बी खरं हाय." मग ती वर चढून बसली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "मनाला लावून घेऊ नको. जित्या माणसाची मेल्याची खबर दिली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणत्यात."

कडूबानं टेम्पो चालू केला.

"आता ते वाढलेलं कुठं काढू, तेवढं सांग," ती म्हणाली.

भुजंगनं टेम्पोचं दार लावलं. ते नीट लागलं नाही, म्हणून उघडून पुन्हा जोरात लावलं. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी गेला, वळला, मागं बाजेचे दोन पाय वर दिसत होते, तेही दिसेनासे झाले. सुरेखा आत निघून गेली.

"मायाळू हाय हो तुमची मावशी," कांताबाई म्हणाली. "तुमच्या आई बी अशाच व्हत्या का दिसायला?"

"व्हय," भुजंग म्हणाला. "सारख्याच दिसायच्या." आणि दारात राहिलेली गॅसची टाकी उचलून तो आत गेला.