ताडकळसचे उशिरा आलेले निरोप

"तीन दिवस?" पुण्याहून साहेब फोनवर ओरडले. "कदम, तेवढ्यात माणूस काशीला जाऊन येतो. सोमवारी मीटिंग आहे. रिझल्ट पाहिजे म्हणजे पाहिजे."

मी परभणीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात उभा होतो. कुलरमधून वाळ्याचा ओला वास येत होता. समोरच्या स्क्रीनवर अख्खा जिल्हा ठिपक्याठिपक्यांनी लुकलुकत होता.

कंपनीला जिल्ह्यात फोन आणि इंटरनेटची केबल टाकायची होती. कुठे जाड लाइन, कुठे बारीक, हे खोदण्याआधी ठरवायचं होतं. त्यासाठी आम्ही सिम्युलेशन करत होतो. म्हणजे संगणकात खोटा जिल्हा उभा करायचा, त्यात लाखो खोटे फोन लावायचे आणि निरोप कुठे तुंबतात ते बघायचं. एका संगणकाला ते झेपेना, म्हणून नऊ संगणक लावले होते. तालुक्याला एक.

त्या खोट्या जिल्ह्याचं मला वेड लागलं होतं. तिथे ऊन नव्हतं, धूळ नव्हती. प्रत्येक तालुक्याचं घड्याळ वेगळं. सोनपेठला दुपार झालेली असायची तेव्हा पूर्णेला अजून सकाळच. ज्याच्याकडे काम कमी, त्याचं घड्याळ पुढे पळायचं. ज्याच्याकडे गर्दी, त्याचं मागे रेंगाळायचं. पण पुढच्याला मागच्यासाठी थांबावं लागे, कारण मागून एखादा निरोप यायचा असे. क्षणाक्षणाला हे थांबणं. तीन दिवस त्यातच जात.

मी ते थांबणं काढून टाकलं. घड्याळं मोकळी सोडली. वेळ उलटून गेल्यावर पोचणारा निरोप फेकून द्यायचा, अशी एक ओळ प्रोग्रॅममध्ये लिहिली. तीन दिवसांचं काम चाळीस मिनिटांत झालं. मी तरंगतच होतो.

उज्ज्वला माझ्या हाताखाली कंत्राटावर होती. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसची. कुठल्या गावात, कधी, किती फोन होतात हा डेटा तिनेच गावोगाव फिरून गोळा केला होता. ती स्क्रीनकडे बघत राहिली.

"सर, हे आमचं ताडकळसच हाय ना?"

"हो."

"मग बाजाराच्या दिवशी एवढं शांत कसं? सगळ्या गावानं संन्यास घेतला का?"

"थोडे निरोप गळाले असतील."

"थोडे कुठं? बाजार भरला की पूर्णेचा संगणक मागं पडतो. मागं पडला की त्याचेच निरोप फेकायलात तुमी. जिथं लय गर्दी, तेच गाव मुकं."

तिचं म्हणणं बरोबर होतं. हे मला तेव्हाच कळलं, नंतर नाही.

तिच्याकडे उपायही होता, एका कागदावर मांडून आणलेला. "सर, परभणीहून सुटलेली एसटी तासाच्या आत सोनपेठला पोचत नाही. मग तो तासभर स्टँडवर उभं कशाला राहायचं? घरची कामं उरकावी. निरोपालाही लाइनवरून जायला काही वेळ लागतोच. तेवढ्या वेळापुरतं प्रत्येक घड्याळाला बिनघोर पुढं जाऊ द्या. मग थांबवा. दोन दिवस द्या मला."

दुसऱ्या दिवशी रविवार, मग मीटिंग. मी तिचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि माझा रिझल्ट पाठवून दिला.

ताडकळसला बारीक लाइन गेली. दर बाजाराला फोन अडकू लागले. तक्रारी पुण्यापर्यंत पोचल्या.

"कदम, ताडकळसचा डेटा कोणी आणला होता?"

"उज्ज्वलाने."

वाक्य खरं होतं. त्यापुढे मी काही बोललो नाही. अहवालात 'सदोष डेटा' असा शेरा आला, शेजारी तिचं नाव. कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. ती जाताना मी खिडकीबाहेर बघत होतो.

निवृत्तीनंतर घरी जुने संगणक जोडून मी तिची पद्धत चालवून पाहिली. पाच तास लागले. एकही निरोप हरवला नाही. बाजाराच्या वेळी स्क्रीनवरचं ताडकळस असं उजळलं की मी चष्मा काढून ठेवला.

गेल्या महिन्यात तिथे गेलो. बाजारामागच्या एका खोलीत ती कॉम्प्युटर क्लास चालवते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"बसा सर, चहा घ्या. सात वर्षं लागली की तुमच्या निरोपाला."

"उशिरा आलाय, फेकून दिलास तरी चालेल. माझी तक्रार नाही."

"मी कशाला फेकू? ती सवय तुमची." ती हसली. मग हसू विरलं. "पण तोंडी नको. कंपनीच्या कागदावर माझं नाव तसंच हाय. लिहून द्या."

लिहून दिलं. उज्ज्वलाचा डेटा बरोबर होता. चूक मी लिहिलेल्या एका ओळीत होती, आणि ती मला माहीत होती. हेच कंपनीला पाठवलं आहे, हेच इथे लिहितो आहे.

काम लवकर उरकायचे दोन मार्ग असतात. एक, उगीचचं थांबणं कमी करायचं. दुसरा, ज्याच्यासाठी थांबायचं त्यालाच वगळायचं. मीटिंगमध्ये दोन्ही सारखेच दिसतात.

कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. या वेळी मी थांबलो आहे.