भरून ठेवलेली हवा

रिकामं भांडं दिसलं की ते भरल्याशिवाय ज्याला राहवत नाही असा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या थोरल्या अक्काच्या गळ्यात पडला. आमचे दाजी. आमच्याकडे चहाला आले की जाताना चपला घालायच्या आधी स्वयंपाकघरात शिरतात, पिंपातलं पाणी काढून माठ काठोकाठ भरतात आणि मगच "येतो" म्हणतात. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या आमच्या गावात पाहुण्यानं पिंपाला हात घालायचा म्हणजे काय हिंमत! लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाचा ग्लास भरल्याशिवाय उठत नाहीत. स्कूटरमध्ये पेट्रोल घराबाहेर पडताना नाही, घरी परतताना टाकतात. एकदा माझी मिठाची बरणी अर्धी दिसली म्हणून त्यांनी ती मागच्या डब्यातल्या पिठीसाखरेनं भरून ठेवली. त्या दिवशी नेमक्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका जेवायला. आमटीचा घोट घेऊन बाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडे वेगळी पद्धत दिसते." मी दाजींना फोनवर फैलावर घेतलं, तर म्हणे, "चूक झाली की मेव्हणीबाई, पण बरणी भरलेली हाय का न्हाय?"

हे खूळ त्यांना लागलं गिरणीतल्या इंजिनामुळे. होटगी रस्त्याकडच्या एका जुन्या सूतगिरणीत, वीज गेली की चालवायचं एक अवाढव्य डिझेल इंजिन होतं, आणि ते चालवणारे दाजी तीस वर्षं त्याचे मालक असल्यासारखे वागत. त्याचं चाकच माणसापेक्षा उंच, ते हातानं फिरवून कोण चालू करणार? म्हणून शेजारी पुरुषभर उंचीच्या दोन लोखंडी बाटल्या, आणि त्यांत दाबून भरलेली हवा. बाटलीच्या नळाची चावी उघडली की हवा इंजिनात घुसून चाकाला गरागरा फिरवायची, मग डिझेल पेट घ्यायचं. गंमत अशी की चालू झालेलं इंजिनच रिकामी झालेली बाटली परत भरून द्यायचं. पण बंद करण्याआधी ती भरून घ्यायची आठवण माणसानं ठेवायची. विसरला, की दुसऱ्या दिवशी इंजिन म्हणजे नुसता लोखंडाचा ढीग! दाजी एक बाटली वापरत आणि दुसरीला कुणाला बोटही लावू देत नसत. रोज संध्याकाळी दोन्हींच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून कुठे बुडबुडा येतो का बघत. अक्का म्हणायची, "माझ्या तोंडाला इतक्या वेळा साबण लावला असता तर मी गोरी झाले असते."

मग गिरणीत बटण दाबलं की सुरू होणारा नवा जनरेटर आला आणि इंजिन विकायला निघालं. वेळापूरकडचा एक खडी क्रशरवाला बघायला आला. त्यानं सरळ सांगितलं, "चालू करून दावा, नेतो. न्हाय तर भंगारवाला हायच की, गॅसनं कापून नेतोय." त्या दिवशी दाजी सकाळपासून उपाशी, म्हणून मी अक्कानं दिलेला डबा घेऊन गेले होते. हवेचा धक्का नेमका बसावा म्हणून चाक आधी खडूच्या खुणेवर आणायला दाजी पहार शोधत होते, तेवढ्यात गिरणीच्या नव्या साहेबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी चावी उघडली! चाक अर्धवट फिरलं, मागे डुललं आणि थांबलं. साहेब चावी धरूनच उभे, आणि फुस्स करत अख्खी बाटली रिकामी. दुसरीकडून हवा भरायची काही सोय नव्हती. उरली ती हात न लावायची बाटली. तीसुद्धा वाया गेली असती तर इंजिनाचे तुकडेच होणार होते.

दाजी चिडतील असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "साहेब, तुमी जरा लांब हुबं ऱ्हावा." त्यांनी पहार घालून चाक इंच-इंच फिरवलं, खडूची खूण वर आणली, देवाला करावा तसा बाटलीला नमस्कार केला आणि चावी उघडून लगेच बंद केली. एक दणका, काळा धूर, आणि धक-धक-धक! मी डबा खाली ठेवून टाळ्या पिटल्या. क्रशरवाला ओरडला, "बास की मामा, पटलं! बंद करा." दाजी म्हणाले, "बाटल्या भरल्याबिगर बंद करत न्हाय." आणि बाटल्यांवरचा दाबाचा काटा वर चढेपर्यंत हा माणूस इंजिनाच्या दणदणाटात मांडी घालून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसला. मग त्यांनी स्वतःच्या हातानं इंजिन बंद केलं. चार दिवसांनी ते दोन्ही भरलेल्या बाटल्यांसकट ट्रेलरवर चढून गेलं.

त्यानंतर दाजी आमच्याकडे आले, चहा प्याले, "येतो" म्हणाले आणि निघून गेले. मी आत येऊन बघते तर माठ अर्धा. इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून मी त्यांच्याशी भांडले, ती त्यांनी केली नाही म्हणून मला रडू फुटलं. अक्काला सांगितलं तर म्हणाली, "घरातपण तसंच हाय गं. रिकाम्या कळशीकडं बघत्यात आणि तशीच ठिवत्यात."

महिन्याभरानं दाजी असेच आमच्याकडे बसले असताना त्यांचा फोन वाजला. इंजिनानं कान अधू केलेले, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर. पलीकडे क्रशरवाला. "मामा, आज जोडलं की! पयल्या हवंत लागलं! लई बेस चाललं दिवसभर, आत्ताच बंद केलं."

"बाटली भरून घेतली का?"

पलीकडून बारीक आवाजात, "इसरलो वो."

"दुसरी हाय न्हवं?"

"हाय."

"तिला हात लावू नगंस. मी येतोय."

कितीतरी दिवसांनी दाजींची मान ताठ झाली. "बघितलंस? माणसं लई इसरतात," असं म्हणत पिशवी उचलून ते दारापर्यंत गेले, थबकले, परत फिरले. आत पिंपाचं झाकण वाजलं. वेळापूरची एसटी चुकेल म्हणून मी ओरडत होते, पण ते काही ऐकेनात. नाहीतरी त्यांना ऐकू कुठे येतं म्हणा. ते गेल्यावर बघितलं तर माठ काठोकाठ. वेडेपणाच आहे, पण त्या दिवशी रात्री झोपेपर्यंत मी त्यातलं पाणी कुणाला घेऊ दिलं नाही.