बिनविरोध चहा

गुळाच्या चहाचा वास! चुलीवर पातेलं उकळत असतं, आल्याचा तिखट गंध धुरात मिसळत असतो, आणि हातात खडू असो की पुस्तक, मी क्षणभर जागच्या जागी थबकतो. ह्या वासाने इतरांना तरतरी येते. मला धक्का बसतो, आणि इतक्या वर्षांनीही तो पहिल्याइतकाच ताजा असतो. ऐकाल का त्याचं कारण?

यवतमाळच्या कॉलेजात मी तेव्हा नुकताच राज्यशास्त्राचा व्याख्याता झालो होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर, छप्पन साली दीक्षा घेतलेल्या बापाचा मुलगा. त्यामुळे 'प्रौढ मताधिकार' हे शब्द फळ्यावर लिहिताना माझी छाती उगाच फुगायची. पीएच.डी.साठी मी विषय घेतला होता ग्रामपंचायतींच्या बिनविरोध निवडणुकांचा. माझे मार्गदर्शक नागपूरचे, मोठे विद्वान आणि तितकेच सज्जन. जिथे मतभेदच उरले नाहीत तिथे मतपेटी हवी कशाला, बिनविरोध निवडणूक ही लोकशाहीची परिपक्व अवस्था, असं ते म्हणत. किती मोहक सिद्धांत! मी तर त्याच्या प्रेमातच पडलो होतो.

अशात नेरजवळच्या आमच्या गावी पंचायतीची निवडणूक लागली आणि बाबांनी उमेदवारीचा फारम भरला. माझे बाबा! गावच्या हॉटेलात ज्यांना बाहेर खुंटीला अडकवलेल्या वेगळ्या कपात चहा मिळायचा आणि तो कप स्वतःच विसळून पुन्हा अडकवावा लागायचा, ते माझे बाबा उमेदवार! मतदानाच्या दिवशी रजा टाकून मी एस.टी.ने गाव गाठलं. शाळेपुढे रांग नाही, शिपाई नाही, मतपेटी नाही. सावलीला शेळ्या तेवढ्या बसलेल्या. "निवडनूक त बिनइरोध झाली ना जी," कापसाची बैलबंडी हाकत जाणाऱ्या एकाने सहज सांगितलं. बाबांनी फारम मागे घेतला होता.

मी संतापाने तडक घरी शिरलो. कुणी धमकावलं? कुणी बहिष्काराची भीती घातली? काठ्या दाखवल्या? आणि बाबा चक्क हसत होते! पाटील आणि गावातले मोठे शेतकरी आमच्या ओट्यावर येऊन बसले होते, गावात फूट नको म्हणून त्यांनी हात जोडले होते, आणि आईने केलेला गुळाचा चहा आमच्याच घरच्या कपांतून प्यायले होते. "मत त एका दिवसाचं असते, बाबू," बाबा म्हणाले. "त्यायनं माह्या घरचा चहा पेला. मंग मले नाई म्हनवलंच नाई."

ह्याला म्हणायचं तरी काय? दडपण? संमती? की शतकांचं एक देणं वसूल होताना माणसाला आलेलं भाबडं भरतं? मी वाचलेल्या कोणत्याही ग्रंथात ह्या प्रसंगाला शब्द नव्हता. मला बाबांचा राग आला, पाटलांचा त्याहून आला. आणि फळीवर ओळीने पालथे घातलेले ते कप पाहून मलाही अभिमानच वाटला, ह्याचा तर सगळ्यात जास्त राग आला. प्रबंधात मी हा प्रसंग जसाच्या तसा लिहिला. सरांनी त्यावर हळुवार हाताने रेघ मारली आणि समजावलं, की चहा हा राज्यशास्त्राचा विषय नव्हे. ते खरोखर मायेनेच बोलले, आणि माझा प्रबंध तिथेच अडकून पडला.

पुढे आमच्या ओट्यावर कुणी फिरकलं नाही. आई बाजाराच्या दिवशी कप घासूनपुसून ठेवायची. बाबा वाटेकडे बघत बसायचे, आणि माणसं लांबूनच हात वर करून पुढे जायची.

मग पुढची निवडणूक आली. बाबांनी पुन्हा फारम भरला आणि ओटा पुन्हा भरला! ह्या वेळी मी मुद्दाम हजर होतो. आईने चहा दिला. कप हातात धरून पाटलांनी गावच्या एकीची तीच गोष्ट तितक्याच गोड शब्दांत सुरू केली. बाबांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"चहा घ्या, पाटील," ते शांतपणे म्हणाले. "पन फारम काई वापस घेत नाई मी. मागच्या खेपेले तुमी माह्याकडं आलते का फारमाकडं, हे पाहाचं हाये मले."

मग भराभर कप खाली ठेवल्याचे आवाज झाले, चपला शोधण्याची गडबड उडाली, आणि बघता बघता ओटा रिकामा झाला. हेच का ते एकमत, ज्यावर मी प्रकरणामागून प्रकरण लिहीत होतो?

आई कप गोळा करायला वाकली आणि तशीच थांबली. सगळे कप काठोकाठ भरलेले, चहावर साय धरू लागलेली. आणि त्यांच्या मधोमध एक कप रिकामा होता. अगदी तळापर्यंत! कुणाचा असेल? कप सगळे सारखे, माणसं एकदम उठलेली. कळायला काही मार्ग नव्हता. गुप्त मतदानावर मी वर्गात तासच्या तास बोलत आलो होतो, आणि ते डोळ्यांनी पाहत होतो आज, आमच्या ओट्यावर.

गुळाचा वास अजून तिथेच रेंगाळत होता. बाबांनी तो कप उचलला, उजेडाकडे कलता करून आत पाहिलं आणि माझ्या हातात दिला.

"एक त पडलं, बाबू."