मामा कुठवर आला

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आमच्या शिवाजी पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाही होतं. पण माझं डोकं म्हणजे उंडारलेलं वासरू. हात कामात असले तरी ते कुठल्या कुठं जायचं आणि तोंड त्याच्या मागं.

त्या दुपारी मी परसात शेणी थापत एका गाडीवानाची गोष्ट रचत होते, तीही मोठ्यानं. घाटात धुकं दाटतं, कंदील विझतो, बैल अडतात. वडिलांची बहीण, माझी आत्या, मागं येऊन कधी उभी राहिली कळलंच नाही.

“दिवसाढवळ्या गोष्ट सांगतीस? मामा कोकणात गेलाय तुझा, ठावं न्हाय व्हय?”

मामा बैलगाडी घेऊन गगनबावड्याचा घाट उतरायचा आणि कोकणातून मीठ, नारळ आणायचा. पावसाआधीची ती त्याची शेवटची खेप होती. आईचा तो एकुलता एक भाऊ. माहेर म्हणून तिला दुसरं कुणी उरलं नव्हतं. येतो म्हणालेला दिवस गेला. बरोबरचे गाडीवान आले, म्हणाले, धुक्यात मागं राहिला. वडील चार माणसं घेऊन घाटात गेले आणि हात हलवत परत आले. गाडी नाही, बैल नाहीत, माणूस नाही. मग पाऊस लागला आणि वाटच बंद झाली.

आत्यानं माझी गोष्ट गल्लीभर केली. पाणवठ्यावर बायका मला बघून गप्प व्हायच्या. मला असा संताप यायचा! धुकं काय मी पाडलं होतं? आणि संतापाच्या तळाशी भीती होती, की पाडलं असलं तर?

आई मला एका शब्दानं बोलली नाही. तिनं जेवण सोडलं. दिवेलागणीला उंबऱ्यात बसून रस्त्याकडं बघत राहायची. एका संध्याकाळी मला राहवेना. दिवस मावळला होता, आता गोष्टीला आडकाठी नव्हती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, “मग त्या गाडीवानानं बैल सोडले आणि दगडाच्या आडोशाला बसला.”

आता कानफटात बसणार, असं वाटून मी अंग चोरलं. आईनं रस्त्यावरची नजर काढली नाही. मग म्हणाली, “बैलांस्नी काय घातलं?”

“गवत.”

“गाडीत कडबा असतोय की. नीट सांग.”

त्या संध्याकाळी तिनं अर्धी भाकरी खाल्ली.

मग रोज तेच. “आज कुठवर आला?” ती वाट तिच्या पायाखालची होती. ओढा चुकीच्या जागी आला, तर ती मधेच उठून आत जायची, आणि ताट तसंच राहायचं. म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवानांना छळून छळून वाटेतलं झाड न् झाड विचारून घेतलं. आमच्या संस्थानच्या महाराजांनी पोरींच्या शिक्षणाचा धोशा लावला होता, म्हणून वडिलांनी मला शाळेत घातलं. तिथं लिहायला शिकले. रचायला मात्र त्या उंबऱ्यातच शिकले, जीव मुठीत धरून.

मामाला घरी आणायची माझी छाती होत नव्हती. गोष्टीत दारात आणला, तर आई खऱ्या दाराकडं बघणार. म्हणून कधी नदीला पूर आला, कधी बैल लंगडला, कधी कुणाच्या गावात त्याला ताप भरला. अशी वर्षं गेली. पुढं माझ्या कथा मासिकात छापून येऊ लागल्या. वाचक कुरकुरतात, तुमची माणसं कधी घरी पोचतच नाहीत. काय सांगू त्यांना, कपाळ?

शेवटच्या दुखण्यात आईचा आवाज पार बसला होता. एकदा डोळे उघडून म्हणाली, “कुठवर आला?”

बाहेर टळटळीत ऊन होतं. “आई, दिवस हाय अजून.”

“असू दे. आता कशाचा चुकतोय त्यो.”

कधीपासून ठाऊक होतं हिला? मी तिचा हात धरला आणि मामाला गल्लीच्या तोंडाशी आणलं. गाडी थांबवली, बैल सोडले, त्याला दारात उभा केला.

“पाय धुवायला पाणी दे त्याला,” आई म्हणाली.

मी उठले, तांब्या भरला आणि उंबऱ्यावर नेऊन ठेवला.