चतुर्थीतला फोन

आमच्याकडे चतुर्थीच्या दिवसांत धोंडस लागतंच. जून तवस, म्हणजे मोठी काकडी, किसायचं, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि नारळाचा रस घालून आटवायचं. मग हळदीची पानं लावलेल्या टोपात ओतून खाली मंद विस्तव ठेवायचा आणि वर झाकणावर निखारे. धोंडस शिजायला दुपार जाते. मधे उठायची सोय नाही. निखारे विझले तर वरून कच्चं राहतं, जास्त झाले तर करपतं. लोक खाताना वा वा करतात. करणारी तेवढा वेळ चुलीला बांधलेली असते, ते कोणी बघत नाही.

कोकण रेल्वे नवीन होती त्या वर्षीची गोष्ट. दीर-जाऊ मुंबईहून पहिल्यांदाच गाडीने कुडाळला उतरले. त्याच संध्याकाळी माहेरून, कुणकेश्वरहून, माझ्या भाच्याचा फोन आला. फोन घरात येऊन वर्षही झालं नव्हतं.

"आत्ये, आजी जेवणाक तोंड लावणा नाय. तुझा नाव घेता."

मी नवऱ्याला सांगितलं, उद्या सकाळच्या एसटीने जाते, आईला बघून रात्रीपर्यंत परत येते. तो माटवी बांधत होता. गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट. तिला कवंडाळाची रानफळं, सुपारीचे घोस, आंब्याचे टहाळे बांधायचे असतात. हातातली दोरी न सोडता म्हणाला, "गणपती पोचवून मगे जा."

"आणि तोपर्यंत आई गेली तर?"

"तू थंय असलंस आणि ती गेली तर तुका तीन दिस सुतक. नैवेद्य कोण करतलो? पूजेक कोण बसतलो? हंय रवलंस तर कळूचा नाय. कळलाच नाय तर लागतला कसा?"

दीर हसला. "दादान वकिलीत जावक होया होता."

मला हसू आलं नाही. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक कळल्यापासून लागतं, हे खरंच होतं. त्याने नियम मोडला नव्हता, नियमात मला बसवलं होतं.

चतुर्थीला गणपती आले. जावेने मुंबईहून क्रेपचा कागद आणला होता. तांदळाच्या खळीने तिने भिंतभर पताका चिकटवल्या. फोनचं काळं डबडं मखराशेजारी बरं दिसत नाही म्हणून त्याच्यावरही गुलाबी झालर घातली. दुसऱ्या दिवशी फुलांच्या परड्या ठेवायला गेले तेव्हा झालर उचलून बघितली. रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला.

नवऱ्याला विचारलं. "आरती चालू असताना वाजता," म्हणाला.

"आता खंय आरती आसा?"

"वाजलो तर उचलतलंस?"

"उचलतलंय."

"मगे गणपतीक उपाशी ठेवची तयारी कर."

माणसं बसली होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि चुलीकडे आले, कारण झाकणावर निखारे होते. कान बाहेर ठेवून बसले. जाऊ आत आली, टोपाचा वास घेतला.

"वयनी, मुंबयक ओव्हनमधी केलंय तर दगड झालो. ह्यो वास खंयचो येतलो!"

मी म्हटलं, "मगे बस हंय. धुराबरोबर शिक." ती बसली नाही. तिला अजून पताका लावायच्या होत्या.

फोन वाजला नाही. संध्याकाळी परत बघितलं तर रिसीव्हर नीट होता, पण भिंतीतली वायरच काढलेली. कुठे खोचायची ते मला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते सगळे एका बाजूचे होते. पायी जायचं तर कुणकेश्वर जवळ नाही. एसटीला पैसे मागायचे तर नवऱ्याकडेच. मी वडे तळले, गौरीची भाजी केली, धोंडसाच्या वड्या पाडल्या. कोणी म्हणालं यंदा छान झालंय. मी चाखलं नाही.

गौरीबरोबर गणपती पोचले, विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने आपणहून पैसे काढून दिले. तेव्हाच मला समजलं, पण तोंडाने कोणी सांगितलं नव्हतं.

कुणकेश्वरला भाऊ खळ्यात, अंगणातच भेटला. डोकं भादरलेलं. म्हणाला, "गो, फोन लावन लावन बोटा दुखली. एंगेज, एंगेज. माणूस धाडतंय म्हटलंय, पण तुमच्या घराक गणपती. सण मोडूचो कशाक?"

म्हणजे तोही त्यांच्याच बाजूचा. आई पंचमीलाच गेली होती.

भावजयीने माझ्या डोक्यावर पाणी ओतलं आणि कोपऱ्यात चटई घातली. मला कशाला हात लावायचा नव्हता. भांडं नाही, चूल नाही. मी नुसती बसून होते. तिसऱ्या दिवशी भावजयीला विचारलं, शेवटी काही बोलली का.

ती म्हणाली, "शुद्धीत होती तोपर्यात एकच विचारी. चेडवाच्या घरचो गणपती पोचलो काय गो?"

मला बघायला थांबली होती, की माझ्या घरचा सण मोडू नये म्हणून मरण लांबवत होती, ते भावजयीला माहीत नव्हतं. मलाही नाही. सुतक फिटल्यावर अंघोळ केली आणि दुपारची एसटी धरली. दुसरीकडे कुठे जाणार होते?