आईचा पहिला नकार

आईच्या कॉम्प्युटरवर बातम्या उघडाव्यात, तर आधी जाहिरातींच्या चौकटीच उड्या मारत येत.

“आई, एवढ्या सगळ्या साइट्सना नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिली कुणी?”

“मीच. विचारत होते बिचारे. नाही कसं म्हणायचं?”

दारात आलेल्या विक्रेत्यालाही पाणी विचारणारी ही बाई! आम्हाला तर जन्मात कधी नाही म्हणाली नाही. मी सेटिंग उघडून माउस तिच्याच हातात दिला. पहिली परवानगी तिने बिचकत काढून टाकली, दुसरी जरा धीराने, मग धडाधड! स्क्रीन पाहुणे गेल्यावरच्या बैठकीसारखा मोकळा झाला. तिचा चेहरा काय फुलला होता! एवढ्याशा सुखासाठी सत्तरी गाठावी लागली तिला.

“वा, आई! आता मस्त चहा टाक.”

स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली, “नाही.”

मी टुणकन उठलो आणि आधण ठेवलं.