खाट ते न्हाणी

शीलाताई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो न्हाणीत नेऊन फरशीवर ओतला, चपला बाहेर काढल्या आणि त्या ओल्यावर अनवाणी दोन पावलं टाकली. "भाऊ, मी पस्तीसची. अन् मलेच भिंत धरा लागली," म्हणाल्या.

त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. गोंदियाजवळ फुलचूरला राहत. नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना व्यायामवाली बाई म्हणत. "व्यायाम दुसरे शिकवतात जी. मी रोजचं काम स्वतः करता यावं ते पाहते," हे त्या प्रत्येकाला न चिडता सांगत. आई तेव्हा एक्याऐंशीची. न्हाणीच्या दारात पडून तिचं मनगट मोडलं होतं, प्लास्टर नुकतंच निघालं होतं. ती पुन्हा पडू नये, एवढंच मला हवं होतं. आईचं म्हणणं वेगळं होतं. "मले धरून न्हाणीत नेऊ नका."

शीलाताईंनी तिचं ऐकलं. तिला चहा करायला लावला, लुगडं वाळत घालायला लावलं, आणि स्वतः तिच्या पावलांकडे पाहत मागे मागे चालल्या.

"आजी, पाय काऊन घासून राहिल्या?"

"मंग का उडत जाऊ, माय?"

"उडा ना. पण पहिले भिंतीले दांडी लावू, ते धरून."

मी मापं वहीत लिहून घेतली. खाट बारा इंच उंच, तिच्या पायांखाली ठोकळे लावून पंधरा. न्हाणीबाहेरच्या दांडीसाठी मी माझ्या कमरेचं माप धरलं होतं. ताईंनी आईला अनवाणी उभं केलं आणि तिच्या मनगटापाशी भिंतीवर खडूची रेघ ओढली. एकोणतीस इंच. "दांडी तुमाले नाही लागत, भाऊ." दारातलं पाय पुसायचं पोतं उचललं गेलं. खाट ते न्हाणी बारा पावलं. पाचव्याला चौकट, आठव्याला दांडी. आई मोठ्यानं मोजत जायची. दहा महिने ती एकदाही पडली नाही. दर रविवारी मी दांडीचे स्क्रू तपासत होतो.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा आली. मंडईला घरोघरी पाहुणे येतात. आमच्याकडे मावशी आली आणि आईनं आपली खाट तिला दिली. मी नको म्हटलं.

"पाहुणीले खाली निजवू का मी?"

मग मधल्या खोलीत आईची गादी मीच घातली. वही कपाटात होती. तिथून न्हाणी अठरा पावलं आहे, हे मी नंतर मोजलं. पहाटे आई उठली आणि सवयीनं मोजत निघाली. मावशीनं खाटेवरून "आठ" ऐकलं. नऊ ऐकलं नाही. दांडी अजून सहा पावलं पुढे होती.

खुबा मोडला. एकोणिसाव्या दिवशी ती गेली. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

नंतर शीलाताई भेटायला आल्या. मी त्यांच्यापुढे वही ठेवली. सगळी मापं बरोबर होती, हे मला दाखवायचं होतं. त्यांनी वही चाळली, मधल्या खोलीपासून दांडीपर्यंत चालून पाहिलं आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या. "मी आजी पाहिल्या, घर पाहिलं. मंडई नाही पाहिली," म्हणाल्या. "अन् मीबी इकडचीच ना जी." मी चहा ठेवला. तो दोघांनीही घेतला नाही.

परवा त्या शेजारच्या म्हाताऱ्यासाठी गावात आल्या. घर दाखवायला मी सोबत गेलो. तिथल्या सुनेनं पाणी दिलं, ते त्यांनी न्हाणीत ओतलं. अनवाणी उभ्या राहिल्या. मग टेप काढण्याआधी सुनेला विचारलं, "घरी पाहुणे आले का आबाजी कुठं निजतात?"

सुनेनं ओसरीकडे बोट दाखवलं. शीलाताईंनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते धरून ओसरीत जाऊन उभा राहिलो.